हुरड्याची सहल: सोलापूरच्या शिवारात पैसे कशाचे मोजावेत

कणसं आज सकाळी कापलेली आहेत का? सोलापूरच्या आसपास हुरडा, म्हणजे ज्वारीचे भाजलेले कोवळे दाणे, खायला जायचं ठरलं की फोनवर विचारायचा हा पहिला प्रश्न. भाव, झोके, बैलगाडी, पार्किंग हे सगळं नंतर. कापलेल्या कणसातला ओलावा तासातासाला कमी होतो आणि दाण्याची गोडीही उतरत जाते. सकाळी सातला दंव असताना कापलेलं कणीस अकराला आगटीत, म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांच्या खड्ड्यात, गेलं तर दाणा टपोरा, लुसलुशीत निघतो. तेच कणीस आदल्या दिवशी दुपारी कापून गोणीत भरून ठेवलं असेल तर दाण्याची साल चामट होते. चोळताना हात जास्त भाजतात आणि हुरडा कमी निघतो. या प्रश्नाला जो शेतकरी "या की, तुमच्यासमोरच कापतो" असं म्हणतो, त्याच्याकडे निम्मं काम झालं म्हणून समजा.

डिसेंबर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उत्तर सोलापूर, मोहोळ, मंगळवेढा, दक्षिण सोलापूर या तालुक्यांत शेताशेतावर हुरड्याच्या पाट्या लागतात. ढोबळ मानाने यांचे तीन प्रकार. पहिला शेतकऱ्याच्या घरच्या माणसांनी चालवलेला: चार-पाच आगट्या, एक चिंचेचं किंवा लिंबाचं झाड, चुलीवरचं जेवण. दुसरा कृषी पर्यटन केंद्रांचा: तिथे हुरड्याबरोबर पोहण्याचा हौद, पावसाचा नाच, खेळणी आणि दोनशे माणसांचा मांडव असतो. तिसरा शहराला लागून असलेल्या हॉटेलांच्या हिरवळीवरचा. तिथे आगटी शोभेपुरती असते, हुरडा आतून ताटलीत येतो. या तिसऱ्या प्रकाराबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. सोललेला, शीतपेटीत ठेवलेला हुरडा कढईत परतून दिला की रंग हिरवागार राहतो, पण धुराचा वास नाही, गोडी नाही आणि मुलांना शेत दिसत नाही.

हंगामाचं गणित सोपं आहे आणि ते स्वतः करता येतं. रब्बी ज्वारीची पेरणी उत्तरा-हस्ताच्या पावसावर, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत होते. पेरणीपासून साधारण ९५ ते १०० दिवसांनी दाणा हुरड्यात येतो. २० सप्टेंबरची पेरणी असेल तर नाताळच्या सुमारास, १० ऑक्टोबरची असेल तर संक्रांतीला. थंडी जास्त पडली तर चार-सहा दिवस पुढे. एका पेरणीचं रान चांगल्या हुरड्यात राहतं ते जेमतेम आठ-दहा दिवस. म्हणून दुसरा प्रश्न: "पेरणी किती टप्प्यांत केलीय?" दहा-पंधरा दिवसांच्या अंतराने तीन-चार टप्पे पेरणारा शेतकरी हुरड्याचा धंदा मनावर घेऊन करतो. एकदाच पेरून दोन महिने पाटी लावणाऱ्याकडे जानेवारीच्या शेवटी निबर दाणा किंवा बाहेरून आणलेली कणसं मिळणार, हे ठरलेलं.

शेतात गेल्यावर दाणा नखाने दाबून बघा. पांढरा पातळ चीक उडाला तर अजून कोवळा आहे. आगटीत तो आकसतो आणि चोळताना लगदा होतो. नख रुतून मऊ कणकेसारखा लागला तर तोच हुरडा. नख रुतलंच नाही तर ती ज्वारी आता भाकरीच्या वाटेवर आहे. मुलांना ही परीक्षा फार आवडते आणि पाच मिनिटांत जमतेही.

वाणाचं नाव विचारायला संकोच करू नका. भाकरीसाठी आपल्याकडची मालदांडी, विशेषतः मोहोळच्या कृषी संशोधन केंद्रातून निवडलेली मालदांडी ३५-१, पिढ्यान्‌पिढ्या लावली जाते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण उत्तम भाकरीची ज्वारी म्हणजे उत्तम हुरडा असं नसतं. हुरड्याला दाणा गोड लागतो आणि बोंडातून सहज सुटावा लागतो. त्यासाठी सुरती, गुळभेंडी, कुचकुची हे जुने वाण, आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे फुले उत्तरा आणि फुले मधुर. गुळभेंडीचा भाजलेला दाणा दोन-तीन चोळ्यांत मोकळा होतो. मालदांडीचा हुरडाही लोक आवडीने खातात, पण फोल चिकटून राहतं, पाखडायला वेळ लागतो आणि लहान मुलांच्या घशाला टोचतं. मुलं बरोबर असतील तर हुरड्याचा खास वाण लावलेलं शेतच निवडा. थोडे जास्त पैसे गेले तरी ते इथे सत्कारणी लागतात.

आता आगटी. सगळी कसोटी इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

चांगली आगटी म्हणजे हात-दीड हात रुंद, वीतभर खोल खड्डा. त्यात शेणाच्या वाळलेल्या गोवऱ्या रचून पेटवतात आणि ज्वाळ पूर्ण विझून लाल निखाऱ्यावर राखेचा पातळ थर येईपर्यंत थांबतात. याला अर्धा-पाऊण तास लागतो. पाहुणे आल्यावर घाईने आगटी पेटवणाऱ्यांचं इथेच चुकतं. ज्वाळेवर धरलेलं कणीस बाहेरून काळं पडतं, आतला दाणा कच्चाच राहतो. गोवऱ्या ओलसर असतील तर धुराचा कडवट वास दाण्यात उतरतो आणि चटणीही तो झाकू शकत नाही. लाकडाच्या निखाऱ्यावरही हुरडा भाजतात, पण लाकडाची आच तिखट आणि एका जागी जास्त लागते. गोवरीची मंद, सगळीकडून सारखी लागणारी आच हुरड्याला मानवते.

कणसं राखेत खुपसताना दांडा बाहेर ठेवतात. एका वेळी पाच-सहा कणसं, तीन-चार मिनिटं, मधे एकदा फिरवून. दाणे तडतडायला लागले आणि कणसाचा हिरवा रंग किंचित पिवळसर झाला की बाहेर. जरा जास्त राहिलं तर दाणा आटतो आणि कोरडा फुटाणा होतो. मग बाहेर काढलेलं कणीस झटकून, गरम असतानाच गोणपाटाच्या तुकड्यात किंवा लहान टोपलीत हाताने चोळायचं, सुपात पाखडायचं आणि लगेच समोर द्यायचं. हे "लगेच" महत्त्वाचं आहे. चोळलेला हुरडा दहा मिनिटांत गार होतो आणि गार हुरड्याची निम्मी मजा जाते. परातीत ढीग करून झाकून ठेवलेला हुरडा वाढत असतील तर विनम्रपणे सांगा की आम्ही आगटीभोवती बसतो, चोळाल तसं द्या. चांगला माणूस आनंदाने ऐकतो.

आता माणसांचा हिशोब. एका आगटीवर एक भाजणारा आणि एक-दोन चोळणारे असले तर दहा-बारा माणसांना गरम हुरडा मिळत राहतो. एका चांगल्या कणसातून मूठ-दीड मूठ हुरडा निघतो आणि मोठा माणूस पाच-सहा मुठी सहज खातो. म्हणजे माणशी चार-पाच कणसं लागतात. पंचवीस माणसांना एक आगटी असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला दर पाच मिनिटांनी चिमूटभर हुरडा येणार आणि मुलं कंटाळून उठणार. कृषी पर्यटन केंद्रांत रविवारी नेमकं हेच होतं. तिथली जेवणं, स्वच्छता, बसायची सोय बहुधा चांगली असते, पण दोनशे माणसांना चार आगट्या पुरत नाहीत. अशा ठिकाणी जायचंच असेल तर शुक्रवार-शनिवार गाठा, किंवा दहाच्या आत पोहोचा. संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात भरणाऱ्या सिद्धेश्वर यात्रेचे दिवस आणि २६ जानेवारीच्या आसपासची सुट्टी टाळलेली बरी.

हुरड्याबरोबर काय वाढतात यावरून शेतकऱ्याचं घर कळतं. सोलापूरची शेंगदाण्याची चटणी उखळात कुटलेली असावी, बोटाला तेल लागेल इतकी. मिक्सरमधून काढलेली कोरडी भुकटी गरम दाण्यावर बसत नाही, ताटलीच्या तळाशी जाते. लसणाची चटणी, घट्ट दही, गूळ, ओल्या खोबऱ्याचा तुकडा, मुलांसाठी गोडी शेव किंवा रेवड्या. शेजारी हरभऱ्याचे ढाळे, बोरं, पेरू, उसाची कांडकी. बहुतेक ठिकाणी सकाळी पोहोचल्याबरोबर पोहे किंवा उप्पीट आणि चहा देतात. ते नम्रपणे नाकारा. पोहे खाऊन आगटीवर बसलेला माणूस दोन मुठींत थांबतो. जुनी माणसं हुरड्यावर पाणी पिऊ देत नाहीत, ताक देतात. पोटाला ते हलकं पडतं हे खरं. मीठ-जिरं घातलेलं पातळ ताक मागून घ्या. मुलांना पहिल्या खेपेला दोन-तीन मुठींवर हुरडा देऊ नका, आणि तीन वर्षांखालच्या मुलाला अख्खा दाणा अजिबात नको. ठेचून दह्यात कालवून द्या.

जेवण दीड-दोनच्या आधी घेऊ नका. हुरड्याने पोट भरलेलं असताना साडेबाराला ताट मांडलं की अर्धं अन्न टाकलं जातं आणि घरच्या बाईमाणसांनी पहाटेपासून केलेल्या कष्टांचं चीज होत नाही. चुलीवरची ज्वारीची भाकरी, मागितली तर कडक भाकरी, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची आमटी, ठेचा आणि शेवटी शेंगापोळी: एवढं मिळालं की पुरे. काही ठिकाणी हुरड्याचं थालीपीठ करतात, ते असेल तर जरूर मागा. पनीरची भाजी आणि जिरा राइस असलेला बेत दिसला की समजावं, स्वयंपाक केटररचा आहे. वाईट असतो असं नाही, पण त्यासाठी शेतावर यायची गरज नव्हती. मार्गशीर्षातल्या वेळा अमावास्येच्या, म्हणजे शेतात पूजा करून जेवायच्या सणाच्या, आसपास गेलात आणि शेतकरी ओळखीचा असेल तर भज्जी (शेंगा-पालेभाज्यांची मिश्र भाजी), आंबील आणि बाजरीचे उंडे मिळण्याची शक्यता असते. ते ताट कुठल्याही पाटीवर लिहिलेलं नसतं.

आता जे जाहिरातीत नसतं ते.

शेतावर मुलांसाठी सगळ्यात धोक्याची जागा विहीर नव्हे, शेततळं आहे. विहिरीची भीती सगळ्यांना असते, मोठी माणसं आपोआप तिकडे लक्ष ठेवतात. शेततळं मात्र दिसायला उथळ आणि निळंशार असतं. त्याला ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो, कडा उतरत्या असतात आणि ओला कागद साबणासारखा निसरडा. खोली तीन मीटरपर्यंत असू शकते. पोहता येणारा मोठा माणूसही आत घसरला तर कागदावर पाय ठरत नाही, पकडायला काही नसतं. म्हणून तळ्याला सगळ्या बाजूंनी जाळीचं कुंपण, कडेला बांधलेल्या गाठीच्या दोऱ्या किंवा शिडी आणि तरंगणारी ट्यूब हे तिन्ही दिसलं पाहिजे. कुंपण नसेल आणि बरोबर दहा वर्षांखालची मुलं असतील तर ते शेत सोडून दुसरं बघा, हुरडा कितीही गोड असला तरी. याबाबत तडजोड नको. विहिरीला निदान कंबरेएवढा कठडा असावा, आणि मोटारीच्या स्टार्टरची पेटी बंद असावी.

पायात बंद बूट हवेत. जानेवारीत काळ्या रानाला भेगा पडायला लागतात, मुलाचं पाऊल सहज अडकतं आणि मुरगळतं. ज्वारीला उंदीर येतात, उंदरांमागे साप येतात आणि आपल्या भागात घोणस आहे. दाट ज्वारीत शिरायचं नाही, बांधावरूनच चालायचं, कडब्याच्या गंजीत हात घालायचा नाही आणि अंधार पडायच्या आत गाडीत बसायचं. चुकून दंश झालाच तर हातपाय हलवू न देता सरळ मोठ्या रुग्णालयात न्यायचं. चिरणं, आवळून बांधणं, चोखणं यातलं काही करायचं नाही. झाडाखाली आगटी असेल तर वर नजर टाका. फांदीला आग्या मोहोळ असेल तर धूर तिकडे जाता कामा नये, आगटीची जागा बदलायला सांगा.

कपडे सुती आणि पूर्ण बाह्यांचे घाला. ज्वारीची कूस, म्हणजे कणसावरची बारीक टोचरी तुसं, मानेवर पडली की दिवसभर खाज सुटते आणि लोकरी स्वेटरला ती चिकटली की दोन धुण्यांतही निघत नाही. सकाळी थंडी वाजते म्हणून अंगावर घ्यायला जुनी सोलापुरी चादर न्या, ती बसायलाही उपयोगी पडते. दुपारी ऊन जानेवारीतही तिशी गाठतं, त्यामुळे टोप्या हव्यातच. पत्र्याच्या शेडपेक्षा झाडाची सावली असलेलं शेत दुपारी बारानंतर स्वर्ग वाटतं. फेब्रुवारीच्या मध्यानंतर मात्र झाडाखालीही आगटीजवळ बसवत नाही.

बैलगाडीची फेरी बहुतेक ठिकाणी भाड्यात धरलेली असते. एका गाडीत सहा-आठ मुलं ठीक. पंधरा कोंबली असतील तर बैलांकडे बघून तरी नको म्हणा. गोफण फिरवून दाखवणारा म्हातारा भेटला तर मुलांना त्याच्याजवळ बसवा. कणसं भरली की पाखरं राखायला माळ्यावर, म्हणजे शेतातल्या मचाणावर, उभं राहून गोफणीने दगड सोडायचा हा शेतातला खरा उद्योग आहे, खेळ नव्हे. शिकताना दगडाऐवजी मातीचं ढेकूळ घ्यावं आणि फिरवणाऱ्याच्या मागेपुढे कुणी उभं राहू नये. मोठ्या आवाजातली गाणी लावणारी ठिकाणं आम्हाला पटत नाहीत. ज्वारीच्या पानांची सळसळ आणि आगटीतली तडतड ऐकायला मिळते म्हणून तर माणूस गावाबाहेर येतो.

दिवस खरा सार्थकी लावायचा असेल तर सोलापूर–वैराग–बार्शी रस्त्याची बाजू निवडा. शहरापासून वीसेक किलोमीटरवर नान्नज आहे, माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली जाहीर झालेलं अभयारण्य. सकाळी सात ते नऊ इथलं गवताळ माळरान बघायचं आणि दहा-साडेदहाला हुरड्याला बसायचं, हा क्रम उत्तम. उलट केलं तर दुपारच्या उन्हात माळावर काही दिसत नाही. वनखात्याकडे नोंद करा, ठरलेल्या वाटेवरून चाला आणि एक दुर्बीण न्या. मुलांना आधीच स्पष्ट सांगा की माळढोक दिसण्याची आशा धरायची नाही. तो आता नामशेष होण्याच्या काठावर आहे. पण काळविटांचे कळप दिसतात. पिळाच्या शिंगांचा काळा नर आणि त्याच्याभोवती तांबूस माद्या सकाळच्या कोवळ्या उन्हात पाहिल्या की लहान मूलही गप्प होतं. हिवाळ्यात माळावर घिरट्या घालणारे भोवत्या ससाणे, जमिनीतून उडावेत तसे भुर्रकन उठणारे चंडोल, तारेवरचे खाटीक आणि नीलपंख हे सगळं दुर्बिणीशिवायही दिसतं. भडक कपडे आणि आरडाओरडा टाळा, गवतात पाऊल टाकू नका. गवतात घरटी असतात आणि माळरान म्हणजे पडीक जमीन नव्हे, हे मुलांना समजावून सांगायला यापेक्षा चांगली जागा जिल्ह्यात नाही. हीच काळविटं रात्री शेजारच्या हुरड्याच्या रानात शिरतात. शेतकऱ्याला त्याबद्दल विचारा, तो राखणीच्या रात्रींबद्दल बरंच सांगेल.

भाव ठरवताना चार गोष्टी आधीच बोलून घ्या. माणशी दरात हुरडा पोटभर आहे की मोजून, जेवण धरलंय का, मुलांचा अर्धा दर कोणत्या वयापर्यंत आणि आगाऊ दिलेले पैसे ढगाळ हवेमुळे बेत रद्द झाला तर परत मिळतात का. जानेवारीत अवेळी पाऊस पडला तर कणसं काळी पडतात आणि गोवऱ्या भिजतात. प्रामाणिक शेतकरी स्वतःच फोन करून "आठ दिवसांनी या" म्हणतो. स्वच्छतागृह आहे का यापेक्षा तिथे पाणी आहे का, आणि बायकांसाठी वेगळं आहे का, हे विचारा. घरगुती शेतांवर हीच बाजू सगळ्यात कच्ची असते. या एका कारणासाठी वयस्कर आई-वडील बरोबर असतील तर कृषी पर्यटन केंद्र निवडणं योग्य. आजी-आजोबांना खुर्ची, सावली आणि जवळ स्वच्छतागृह मिळतं. दोन कुटुंबं, धडधाकट माणसं, पाच वर्षांपुढची मुलं असा आठ-दहा जणांचा गट असेल तर मात्र डोळे मिटून घरगुती शेताला पसंती द्या, फक्त शेततळ्याचं कुंपण डोळे उघडून बघा.

निघताना घरी न्यायला कणसं मागा, बहुतेक शेतकरी देतात. दांडा वीतभर ठेवून कापलेली, न भाजलेली कणसं ओल्या फडक्यात गुंडाळून वर गोणपाट, आणि गाडीच्या डिकीत नव्हे, पायाशी सावलीत. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ती गॅसवर जाळी ठेवून मंद आचेवर भाजता येतात. त्याहून उशीर होणार असेल तर त्याच रात्री दाणे काढून पाच मिनिटं वाफवा, गार करून डब्यात भरा आणि शीतकपाटात ठेवा. चार दिवसांत कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर घालून त्याचं थालीपीठ लावा. पीठ भिजवताना पाणी अगदी बेताने, कारण हुरडा स्वतःच ओला असतो आणि जास्त पाणी झालं की थालीपीठ तव्याला चिकटतं.